करवंदवाडीची लोकसंख्या

माणूस असणे आणि माणूस मोजलेला असणे यांत मोठे अंतर आहे, आणि सुधारलेल्या राष्ट्रात किंमत दुसऱ्याला असते. स्वातंत्र्याला सहा वर्षे होतात न होतात तोच एवढे शहाणपण आपल्या कचेऱ्यांना आले होते. बदलापूरच्या वेणू गायकरला ते यायचे होते, कारण ती अजून बी.ए. व्हायची होती.

शेवटच्या वर्षाला अर्थशास्त्राचा प्रबंध होता: परिसरातल्या एका वस्तीची आर्थिक व सामाजिक पाहणी. वेणूने बारवी नदीच्या अंगाची करवंदवाडी घेतली. तिथली तानी मोळी विकायला तिच्या दारी वर्षानुवर्षे येत असे. प्रबंधाचे कानावर आल्यावर ती म्हणाली, "बाय, तुझ्या लिवण्यात आमची इहीर घाल. वढ्याचं पानी आनता आनता सून पडली माझी. पाय मोडून बसलीय." वेणूने शब्द दिला. (अजून पदवी नव्हती, म्हणून शब्द देण्याची सवय होती.)

प्रबंधाला अट एकच होती, आकडे सरकारी हवेत. तलाठ्याने तिला कल्याणला पाठवले, कल्याणने ठाण्याला, ठाण्याने मुंबईला. नकार कुणीही दिला नाही; सगळ्यांनी पुढचा पत्ता दिला. एका कचेरीने तर बसायला खुर्चीही दिली (आकड्यांचा कारकून रजेवर असल्यामुळे ती रिकामी होती). मुंबईत शेवटी शिरगणतीचे जाड पुस्तक हाती आले. त्यात करवंदवाडीपुढे एकच शब्द छापला होता: बेचिराख. म्हणजे दिवा लावायलाही माणूस नसलेले गाव.

"अहो, मी परवाच जाऊन आले. माणसं आहेत तिथं," वेणू म्हणाली.

"असतील की बाई," कारकून समजुतीने म्हणाला. "आम्ही कुठं नाही म्हणतो? पुस्तकात नाहीत, एवढंच."

यात कुणाचीच कसूर नव्हती. दिवाळी झाली की अख्खी वाडी दाराला काट्या लावून उल्हास नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर जाते. उल्हासनगरात निर्वासितांच्या बराकींच्या जागी घरे उठत होती आणि विटा पुऱ्या पडत नव्हत्या. शिरगणती माघ-फाल्गुनात झाली. गणनेदार वाडीवर गेला तेव्हा तिथे एक कुत्रे होते. कुत्रे मोजण्याचा हुकूम नव्हता. दुसरा गणनेदार भट्टीवर गेला, त्याने "घर कुठं?" असे विचारले आणि "करवंदवाडीला" हे ऐकून, ही माणसे तिकडे मोजली जातील म्हणून पुढे निघाला. अशा रीतीने वाडी दोनदा मोजण्यात आली आणि दोन्ही वेळा शून्य भरली. (एकच उत्तर दोनदा आले की शास्त्रात त्याला पडताळा म्हणतात.)

वेणूने हट्टाने घरोघर हिंडून स्वतः माणसे मोजली. प्रबंध तपासणाऱ्या प्राध्यापक सबनिसांनी त्यावर तांबडी रेघ ओढली. "हे तुम्ही मोजलंत? तुम्हाला नेमलं कुणी?" असे त्यांनी विचारले. घरी वडिलांनी सांगून ठेवले होते, की यंदा पास झालीस तर नोकरी, नाहीतर लग्न. मुलगा पाहून ठेवलेला होता.

तेव्हा तिने प्रबंध पुन्हा लिहिला, या वेळी सरकारी आकड्यांवर. निष्कर्ष थक्क करणारे निघाले. करवंदवाडीत बेकारी नाही. निरक्षर एकही नाही. बालविवाह, दारू, कर्ज, देवी, पटकी, काहीच नाही. गेल्या कित्येक वर्षांत बालमृत्यू झालेला नाही, आणि उपलब्ध पाणी रहिवाशांच्या गरजेहून पुष्कळ जास्त आहे. दरडोई उत्पन्न तेवढे काढता आले नाही.

प्रबंधाला पहिले बक्षीस मिळाले. तो छापला गेला, त्याच्या प्रती कचेऱ्यांना गेल्या, आणि कचेऱ्यांनी तो वाचला. (येथे नियतीने प्रथमच ढवळाढवळ केली.)

वैशाखअखेर भट्ट्या बंद होऊन वाडी परतली, तेव्हा तानी एक कागद घेऊन आली. वाडीने विहिरीसाठी अर्ज केला होता, त्याचे हे उत्तर. वेणूने ते मोठ्याने वाचले. सदर गाव बेचिराख असून स्थानिक विदुषी कु. गायकर यांच्या प्रबंधानुसार तेथे पाण्याचा तुटवडा नाही, सबब विहिरीचे कारण दिसत नाही. तसेच निर्मनुष्य गावातून अर्जावर इतके अंगठे कोठून आले, याची पोलिसांमार्फत चौकशी व्हावी.

"म्हंजी आमी नाय?" तानीने विचारले. रागाने नव्हे, शिकलेल्या मुलीला ठाऊक असेल म्हणून विचारले. वेणूला मान वर करवेना. तिला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. सून एकटी आहे म्हणून तानी निघून गेली.

वेणूला पुढे नोकरी लागली, आकड्यांच्याच कचेरीत. विहीर झाली नाही.

वाचक सुजाण आहेत. त्यांना वेणूचा राग आला असेल, कारकुनाचा तर आलाच असेल, आणि तानीविषयी मनापासून कळवळाही वाटला असेल. फक्त एक गोष्ट मघापासून त्यांच्या मनात टोचत असणार: हे सगळे ठीक, पण त्या वाडीत माणसे नेमकी किती होती? तेवढा आकडा कळला असता, म्हणजे विहीर द्यायला हवी होती की नको, ते ठरवता आले असते.