पळालेल्या गाडीचा नंबर

दुःखाच्या घरी भेटायला जाताना लोक साखर आणि चहापत्ती नेतात. आमचे पेडणेकर काका स्टेपलर नेतात.

सोबत कोरे अर्ज, दोन पेनं आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड. घाटकोपरमध्ये कुणाला गाडीने उडवलं आणि गाडी पळून गेली असं कानावर आलं, की दहाव्याच्या आत काका त्या दारात हजर. अशा घरांना सरकार भरपाई देतं, पण अर्ज वेळेत गेला तरच, आणि हे बहुतेकांना मुदत संपल्यावर कळतं. काका आधी सांगतात, भले घरात रडारड चालू असो. एकदा आमच्या मागच्या चाळीत मयताच्या मेव्हण्याने त्यांना हटकलं, "एवढे म्हातारे झालात, लाज नाही वाटत?"

"वाटते ना," काका म्हणाले. "मुदत टळली की जास्त वाटते. मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती काढून ठेवा."

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त. कुठलाही अर्ज दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. "रकानो रिकामो ठेवू नको गो," हे त्यांचं पालुपद. लिहिण्यासारखं काही नसेल तिथे 'लागू नाही' लिहायचं. माझ्या मुलीच्या शाळेच्या अर्जात त्यांनी 'आवडता खेळ' यापुढेही 'लागू नाही' ठोकून दिलं होतं, ती पोरगी आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हती. आता तर तोंडातही तेच. "काका, जेवलात?" म्हणून विचारलं की उत्तर येतं, "लागू नाही. आज संकष्टी."

पण एका रकान्यापुढे त्यांचीही मात्रा चालत नव्हती. भरपाईच्या अर्जात छापलेलं होतं : 'धडक देणाऱ्या वाहनाचा क्रमांक'. तो रिकामा असला किंवा त्यात 'लागू नाही' लिहिलं, तरी खिडकीवरून अर्ज परत. आता मला सांगा, पळून जाणारा नंबर सांगायला थांबेल होय? माझं तर हे ऐकूनच डोकं फिरलं.

काकांनी मग निवेदनांचा सपाटा लावला. मागण्या दोनच. एक, तो रकाना काढा. दोन, त्या रकान्यापायी आजवर परत केलेले अर्ज पुन्हा घ्या. पहिली आम्हा सगळ्यांना पटली. दुसरी कशाला, ते कळेना. मी म्हटलंसुद्धा, "काका, दोन्ही मागून एकही मिळायची नाही. दुसरी सोडा ना."

एरवी माझं ऐकणारा माणूस एकदम भडकला. "पयली घेऊन काय करू? माका दुसरीच होयी!"

मग आम्ही कामाला लागलो. माझ्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काका दारातच कागद घेऊन बसले. "पयली सय, मगे वाण." नटूनथटून आलेल्या बायका जिन्यात रांग लावून सह्या करत होत्या. भीमजयंतीला मागच्या चाळीतल्या मंडळींनी मंडपात काकांना टेबल टाकून दिलं, तेव्हा सर्वांत आधी सही कुणी केली असेल? त्याच मेव्हण्याने.

चार वर्षं हे चाललं. गेल्या महिन्यात परिपत्रक निघालं. दोन्ही मागण्या मान्य! काकांनी ते जिन्यात उभं राहून खणखणीत आवाजात वाचलं, जावक क्रमांकासकट. मी पेढे वाटले. रिक्षावाल्यांना थांबवून सांगितलं, हे आमच्या बिल्डिंगमधले. तुम्ही काहीही म्हणा, छाती फुगली होती माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून दारात. "चल गो जरा माझ्यावांगडा. एकट्याक धीर नाय."

डोंगरावरच्या वस्तीत गेलो. काकांचा गुडघा दुखरा, दर दहा पायऱ्यांना थांबत होते. एका दारात पिकल्या केसांची बाई तांदूळ निवडत बसली होती. तिने काकांकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"तुम्ही खिडकीतले साहेब ना? मालक गेले तेव्हा तीनदा परत पाठवलंत मला."

मी म्हणणार होते, बाई, तुमचा काहीतरी घोळ होतोय. पण काकांनी चपला काढून हात जोडले होते.

"होय बाई. तोच मी. नंबर आणा, म्हणत होतो."

दुसरी मागणी मला तेव्हा कळली. आदल्या दिवशी पेढे वाटताना वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्या वाकलेल्या म्हाताऱ्याचा वाटला.

बाईंनी तांदळाचं सूप बाजूला सारून चटई पसरली. "बसा. चढून दमला असाल."

काकांनी पिशवीतून नवा अर्ज काढला. मी लिहायला पेन मागितलं. "नको. ह्यो मीच भरतलंय," म्हणाले. एकेक रकाना विचारून, सावकाश भरला. बाईंनी सही केली. मग काकांनी सगळे कागद जुळवून स्टेपलर लावला, पण बोटांत जोरच येईना. दोनदा दाबलं, पिन काही बसली नाही.

बाई पुढे सरकल्या, त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबला.