पिवळ्या पानाची विचारपूस

मोराला घाबरणारा माणूस मी जयपूरला येईपर्यंत पाहिला नव्हता. आमचे घरमालक गावंडे काका रोज पहाटे डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट चढवून, हातात वाजवायला ताट आणि डाव घेऊन अंगणात बसत. आमच्या वैशाली नगरात मोर कावळ्यासारखे कुंपणावर येतात, आणि काकांच्या कुंड्यांतल्या डेलिली नावाच्या फुलझाडाच्या कळ्या त्यांना फार आवडतात. हेल्मेट कशाला, असं विचारलं की काका म्हणत, "भेत नाही मी. सावध राहतो." एकदा मोराने नुसती मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, तर ताट तिथेच टाकून काका घरात, आणि आतून कडी!

काका मूळचे अकोल्याचे. विम्याच्या नोकरीत बदलीवर आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मी सांगलीची, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, त्यांच्या वरच्या खोलीत भाडेकरू. मराठी कानावर पडावं म्हणून मी सकाळी खाली जाई आणि त्या दिवशीची नवी भीती ऐकून ऑफिसला निघे.

त्यांची डेलिली ठेंगण्या जातीची, गुडघ्यालाही न पोचणारी. फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मान टाकतं. तेवढ्यासाठी या माणसाला धुळीच्या आंधीची भीती, माकडांची भीती, खाऱ्या पाण्याची भीती. कुंड्यांना फिल्टरचं गोड पाणी, आणि स्वयंपाकाच्या वाट्याला आलेल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही म्हणून काकू वैतागलेल्या. मी कुंडीजवळ वाकले तरी "दूर राह्य पोरी, हाताची गर्मी लागते त्यायले" म्हणून ओरडत. समोरच्या शेखावत भाभी कधीच्या एक फुटवा मागत होत्या. काकांचं उत्तर तयार असे: उन्हाळ्यात गड्डा फोडला तर पानं पिवळी पडतात, पावसाळ्यात सडतो आणि थंडीत रुसतो. उरलेल्या ऋतूत या, एवढंच म्हणायचं बाकी होतं.

काकूंना मोराची भीती नव्हती, माणसांची होती. इतकी वर्षं जयपुरात काढूनही हिंदी बोलताना त्या अडखळत. बेल वाजली की स्वयंपाकघरात शिरून "अहो" म्हणून हाक मारत, आणि दार काका उघडत. मूलबाळ नाही, गावाकडचं जवळचं कुणी उरलेलं नाही.

मग डॉक्टरांनी काकांना सांगितलं, हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत, बायपास लवकर करून घ्या. काका म्हणाले, एवढ्या कळ्या फुलून जाऊ द्या. त्या कळ्या काही संपेनात. मी भांडले, काकूंनी अबोला धरला, काका हेल्मेट घालून बसून राहिले. संध्याकाळी मात्र ते छातीवर हात ठेवून जिना न चढता माघारी फिरताना मला दिसत.

ऐन वैशाखात, बाहेर लूचा तापलेला वारा भाजून काढत असताना, एका सकाळी खाली आले तर काका बोडक्याने अंगणात बसलेले. सगळ्या कुंड्या पालथ्या. ते सुरीने गड्डे फोडत होते.  या माणसाने आशा सोडली, असंच मला वाटलं. मग ते स्वतः घरोघरी गेले, एकेक फुटवा देऊन आले, आणि प्रत्येकाला बजावलं की पान पिवळं पडलं तर मला विचारू नका, आमच्या मॅडमना विचारा. काकूंना डेलिली आणि कांद्याची पात यांतला फरक सांगता आला नसता!

मग काका दवाखान्यात दाखल झाले. ऑपरेशनच्या आधी काकूंना सह्यांसाठी बाहेर बोलावलं, तेव्हा मी काकांना विचारलंच, उन्हाळ्यात का फोडले गड्डे?

"पानं पिवळी पडाले पाह्यजेत म्हणून," काका म्हणाले. "मग लोकं विचारायले येतीन. मले भेव वाटते, पोरी. मराचं नाही. मी नसलो त तुही काकू दार उघडन का? ते बसन आतच, एकटी. मी तिले एक उत्तर पाठ करून देल्लं हाये. तेवढ्यानं सुरुवात होईन."



ऑपरेशन झालं, पण काका शुद्धीवर येईनात. भेटायला संध्याकाळीच सोडतील, तोवर घरी जा, असं सांगितल्यावर मी काकूंना घेऊन आले. त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. फोन वाजेल या भीतीने आम्ही दोघी त्याच्याकडे बघतही नव्हतो.

बेल वाजली. काकूंच्या तोंडून "अहो" निघालं आणि अर्ध्यावर थांबलं. मी उठणार होते, मग तशीच बसून राहिले. फार वेळाने काकू पदराला हात पुसत गेल्या आणि त्यांनी दार उघडलं.

शेखावत भाभी कुंडी घेऊन उभ्या होत्या. "भाभीजी, ज़रा देखिए ना, पत्ता पीला पड़ रहा है."

काकूंनी एकेक पान बोटाने वर करून पाहिलं. एकही पिवळं नव्हतं.

"पानी कम डालना," त्यांनी पाठ केलेलं उत्तर दिलं, आणि भाभींचा हात धरून त्यांना आत घेतलं.