मागं दात किती?

सुभानराव रस्त्यात भेटले की नमस्कार-चमत्कार नाही, थेट विचारायचे, "मागं दात किती?"

मी लोणंदला गणिताचा मास्तर म्हणून नवा आलो होतो. आदल्याच दिवशी दाढ काढलेली, गाल सुजलेला. शेजारच्या घरातून मिलिटरी मिशांचा एक उंच माणूस बाहेर आला आणि त्यानं हे विचारलं. माणूस कनवाळू दिसतो, असं वाटून मी म्हणालो, "एकतीस राहिले."

"एकतीस?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "इषम आकडा? कुठल्या कंपनीचं?"

चौकशी माझ्या हातातल्या सायकलच्या मागच्या चकतीची चालली होती, हे कळायला मला बराच वेळ लागला.

सुभानराव सैन्यात ट्रक चालवायचे. रिटायर होऊन आल्यावर त्यांनी फवारणीच्या पंपाचं इंजिन सायकलला बसवलं होतं. इंजिन चालत होतं, सायकलही चालत होती. अडलं होतं ते दोघांना जोडणाऱ्या मागच्या दातेरी चकतीपाशी. ओसरीवर खिळ्यांना तीन चकत्या टांगलेल्या. छत्तीस दातांची हरणी, चव्वेचाळीसची मधली आणि छप्पन्नची गोगलगाय.

"पण गोगलगाय सगळ्यात मोठी आहे," मी म्हणालो. "मोठी म्हणजे वेगात जाणार ना?"

"आवं मास्तर, उलटं! मागं दात जास्त तर जोर जास्त, पळ कमी. तुमी गणित शिकवताय न्हवं?"

मग मी फळ्यावर हिशोब मांडला. पुढं इंजिनाला दहा दात, मागं चाकाला छप्पन्न. म्हणजे इंजिनाच्या साडेपाचाहून जास्त फेऱ्या झाल्या की चाक एकदा फिरणार. पटलं. घरी जाईपर्यंत पुन्हा उलटं झालं. मुख्याध्यापकांना समजावायला गेलो, तर तेही गोंधळले आणि त्यांनी मधल्या सुट्टीची घंटा दहा मिनिटं आधी दिली. त्यातच मधलीचे दात मी मोजले तर त्रेचाळीस आणि सुभानरावांनी मोजले तर पंचेचाळीस. सुरुवात कुठल्या दातापासून केली, हे दोघांच्याही लक्षात राहत नव्हतं. शेवटी एका दाताला कुंकू लावलं.

प्रयोगाला ओझं म्हणून मी. हरणी लावली तेव्हा सालप्याच्या घाटात पहिल्याच वळणाला इंजिन फुरफुरलं आणि बसलं. आम्ही दोघं सायकल ढकलत वर गेलो. गोगलगाय लावली तर घाट झकास चढली. पण सपाटीवर इंजिनाचा नुसता आकांत, आणि शेळ्या घेऊन निघालेली एक म्हातारी आमच्याशी गप्पा मारत बरोबरीनं चालली. मधली मात्र थोडं पायडल मारलं की घाट चढायची, सपाटीवरही बरी पळायची.

"मधलीच घ्या," मी निकाल दिला. "गणितानं तेच येतं."

"व्हय, गणित बरोबर हाय," म्हणत त्यांनी गोगलगाय कसायला घेतली. मला काही उमजेना. एकटा माणूस, त्याला एवढा जोर कशाला?

पुढच्या रविवारी ते मला घाटापलीकडच्या एका गावी घेऊन गेले. तिथं त्यांचा पलटणीतला जोडीदार बापू राहायचा. बापूचा डावा पाय गुडघ्यापासून नव्हता. सुभानराव अंगणात चेन ताणत बसले आणि बापू मला चहा देत म्हणाला, "मिल्ट्रीत ह्यो लय जोरात गाडी हाणायचा. एकदा डोंगरातल्या वळणावर ट्रक उलटला. ह्येला खरचटलंबी न्हाई. माझा पाय खाली घावला. तवापास्नं ह्येनं स्टेरिंगला हात लावला न्हाई."

"तुम्ही काही बोललात त्यांना?"

"काय बोलू? माझ्यापरास त्योच जास्त रडला. मला यष्टीत चढता येत न्हाई, घरातच असतो, हे त्येच्या मनातनं जात न्हाई."

तेवढ्यात सुभानरावांनी हाक मारली. बापूला दोन्ही हातांनी उचलून त्यांनी कॅरिअरवरच्या गादीवर बसवलं, आपल्या पटक्यानं त्याची कंबर स्वतःच्या कंबरेशी बांधली आणि इंजिन चालू केलं. गावाबाहेरचा रस्ता सरळ आणि मोकळा होता. मी बाजूनं नुसता चालत होतो, तरी मागं पडत नव्हतो.

बापू चारी बाजूंनी बघत होता. ज्वारी कुठवर आली, कुणाच्या विहिरीवर नवा पंप बसला, मोठमोठ्यानं सांगत होता. मग त्याला हुरूप आला. "सुभाना, पळव की रं जरा!"

"न्हाई गड्या. इंजनात दमच न्हाई."

वेग वाढवायची हँडलवरची मूठ सुभानरावांनी जेमतेम पिळलेली मला दिसत होती.

"खरं का वो मास्तर?" बापूनं वळून विचारलं. "तुमी हिशोब केलाय म्हनं?"

सुभानराव समोर बघत होते. त्यांचा कान मात्र माझ्याकडं लागला होता.

"खरं आहे," मी म्हणालो. "यापेक्षा जास्त पळणारच नाही ती."