तीन लखोट्यांत सबंध हुकूम उतरला त्याची हकीकत

श्रीसिद्धेश्वर साक्ष, आणि जो एक असोन सर्वांघरी सबंध पोहोचतो त्यास दंडवत. शके सोळाशे बावन्न, साधारणनाम संवत्सर, माघमास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव पुसो नये. राज्य होते, त्यास सत्तावीस गड होते, आणि गडांस हुकूम धड पोहोचत नव्हते, इतके पुरे. जासूद हुजुरातून निघे तो कधी पुरात अडके, कधी गनिमाच्या हाती लागे, कधी सासुरवाडी वाटेत लागली म्हणोन तेथेच आठ दिवस जेवी. मागील साली एक मोठा हुकूम तीन पत्रांत लिहोन सर्व गडांस धाडिला, तेव्हा कोणास पहिले पोहोचले नाही, कोणास तिसरे, आणि मग ज्याने त्याने आपले गहाळ पत्र मागावयास उलटा जासूद धाडिला, आणि सत्तावीस गडांचे जासूद एकाच घाटात एकमेकांस अडले, आणि हुजूरचे कारकून नकला करकरोन बोटे सुजवून बसले, आणि गनीम तेवढ्यात दोन पेठा लुटोन घरी जाऊन जेवला. सरकारास फार राग आला.

मग हुजुरी केदारभट गणक म्हणोन शास्त्री होते, त्यांनी युक्ती काढिली. हुकुमातील एकेका अक्षरास एकेक आकडा द्यावा, त्या आकड्यांचे तीन तुकडे करावे, आणि तिन्ही तुकडे निरनिराळ्या पटीने एकमेकांत मिसळोन सात पत्रे करावी. कोणत्या पत्रात कोणती पट, ते लखोट्यावरील अंकावरून कळावे. सातही पत्रे सात वाटांनी प्रत्येक गडास धाडावी. "ज्यास सातांतील कोणतीही तीन पोहोचली त्यास सबंध हुकूम पोहोचला. चौथे मागू नये. मागेल त्याचे वतन जप्त होईल," ऐसे आज्ञापत्र, आणि पत्रे उकलावी कैसी त्याची एक वही, सर्व गडांस आधीच रवाना केली. केदारभटांनी ते लिहिले तेव्हा आपणांस समजले म्हणजे जगास समजले ऐसे धरिले. विद्वानांची ही खोड जुनीच.

सरहद्दीच्या एका गडावर गिरमाजीपंत सबनीस होते. दफ्तर त्यांचे हाती. अक्षर मोत्यासारखे, स्वभाव भित्रा, आणि कागद जागचा हलला तर जेवण गोड न लागे. त्यांनी ती वही अकरा वेळा वाचिली आणि अकरा वेळा कपाळास हात लाविला. मग हवालदार सुभानराव, जे गडाचे मुख्य, त्यांजकडे गेले आणि म्हणाले, "राव, कोणतीही तीन म्हणजे काय? धोतर आले, पागोटे आले, आणि म्हणे अंगरखा त्यातच समजावा! उघडे हिंडावे की काय माणसाने?"

सुभानराव तंबाखू मळत होते. ते बोलिले, "पंत, आम्हांस बारा गावचे पाणी ठाऊक, बारा आकडे नव्हेत. तुम्ही पाहा. आणि पाहाल ते लवकर पाहा, नदीपलीकडे तंबू दिसतात."

तंबू पंतांसही दिसत होते. गडाखाली पाचशे घरांची पेठ, आणि त्या पेठेत पंतांची एकुलती लेक अंबू नांदत होती, आणि तिचे दिवस भरत आले होते. पंतांस वाटे, तिला वर आणावी. परंतु हुजूरच्या हुकुमाखेरीज पेठेतील माणूस गडावर घेऊ नये ऐसा शिरस्ता, आणि पंतांनी जन्मात शिरस्ता मोडिला नव्हता. सबब ते रोज तटावर उभे राहोन लेकीच्या घरचा धूर पाहत, आणि हुकुमाची वाट पाहत, आणि धूर दिसला म्हणजे घटकाभर बरे वाटे.

नऊ दिवसांत तीन जासूद आले. मग कोणीच येईना. तिसरा म्हणाला, "घाट गनिमाने धरिले, मी झाडीतून आलो, माझ्यामागे आता पाखरू यावयाचे नाही." पंतांनी तीन पत्रे मांडिली आणि वहीप्रमाणे गणित केले आणि जे निघाले ते पाहोन त्यांस घाम फुटला. पहिले अक्षर साडेसातवे. दुसरे उणे अकरावे. तिसरे पुन्हा साडेनववे. आता साडेसातवे अक्षर बाराखडीत कोठे शोधावे? आणि उणे अकरावे म्हणजे बोलावे की गिळावे? पंतांनी गणित पुन्हा केले, पुन्हा तेच आले. त्यांस वाटले, आपणांस भ्रम जाहला. मग वाटले, केदारभटांस जाहला. मग वाटले, दोघांस जाहला आणि मध्ये अंबू मरते. ते दफ्तरात एकटेच बसोन रडले, हे लपवावयाचे कारण नाही.

शनिवारी सकाळी वही बाराव्याने वाचिली तेव्हा "लखोट्यावरील अंक" या शब्दांशी बोट अडले. आणि पंत ताडकन उठले. कारण की दफ्तराचा शिरस्ता ऐसा होता: पत्र आले की लखोटा उतरावा, पत्रावर आणि लखोट्यावर आपला आवक अंक घालावा, आधी आले ते पहिले, मागून आले ते दुसरे, आणि रिकामा लखोटा हवालदारास द्यावा, तो त्यांचा हक्क. पंतांनी गणितात धरिले ते एक, दोन, तीन आपल्या दफ्तराचे होते, हुजूरचे नव्हतेच! ते धावत सुभानरावांकडे गेले, पागोटे वाटेत पडले तेही उचलिले नाही.

"राव, लखोटे! लखोटे कोठे आहेत?"

"कसले लखोटे? ते चंचीत असतील. का हो, पंत, रडता का?"

चंची उलटी केली. एका लखोट्यात सुपारी, त्यावर हुजूरचा अंक दोन. दुसऱ्यात तंबाखू, त्यावर पाच. तिसरा काही सापडेना. सुभानराव ओशाळले आणि म्हणाले, "काल चिलीम पेटेना, तेव्हा..."

मग पंत तेथेच जमिनीवर बसले. दोन आणि पाच हाती आले. राहिले एक, तीन, चार, सहा आणि सात. या पाचांतील कोणतातरी एक जळाला. वहीत यावर अक्षर नव्हते, केदारभटांस चिलमीचे व्यसन नसावे. पंतांनी आधी एक धरोन पाहिला, तो पाऊण अक्षर निघाले. तीन धरिला, अर्धे निघाले. चार धरिला, उणे निघाले. सहा धरिला, पहिले अक्षर सबंध आले, पंतांस हर्ष जाहला, आणि दुसरे सव्वासत्तरावे आले. मग सात धरिला, आणि अक्षर सबंध आले, दुसरे सबंध आले, तिसरे, चौथे, आणि पुढेही आकडे सबंधच येत राहिले. दोन प्रहरी हुकूम उतरला तो येणेप्रमाणे: "शनिवारी सूर्यास्ताआधी पेठ सबंध गडावर घ्यावी. सूर्यास्ती दरवाजा लावावा. मग कोणीही येवो, उघडू नये."

"आज वार कोणता?" पंतांनी पुसिले. वार त्यांस ठाऊक होता, तरी पुसिले.

सुभानराव म्हणाले, "पंत, विचार करा. पाचशे घरे उठवावयाची, आणि तिसरा अंक तुम्ही अदमासे धरिला. उद्या हुकूम भलताच निघाला तर माझी हवालदारी जाईल आणि तुमचे डोके. हे तिघे आले म्हणोन सातांचे काम कैसे जाहले, ते मला समजावोन सांगा, म्हणजे नगारा करितो."

"मला समजले नाही," पंत बोलिले. "परंतु राव, अर्धे अक्षर एक उरले नाही. पाऊण उरले नाही. डोके माझे घ्या, नगारा करा."

सुभानरावांनी पंतांकडे पाहिले, आणि काय पाहिले ते जाणोत, नगारा केला. पेठ वर चढू लागली. कोणी जाते पाठीवर घेतले, कोणी देव घेतले, एका म्हातारीने कोंबडी घेतली आणि नातू खाली विसरली, तो मागून शेजाऱ्याने आणिला. सर्व चढले, आणि अंबूची डोली काही दिसेना. कळा सुरू जाहल्या म्हणोन भोई दर वळणास थांबत होते. सूर्य डोंगरास टेकला. दरवाजाशी गडकऱ्यांनी हात घातले आणि सुभानरावांकडे पाहू लागले, आणि सुभानराव पंतांकडे. हुकूम त्यांनीच वाचिला होता.

तेव्हा सुभानराव सूर्याकडे पाठ करोन उभे राहिले आणि गडकऱ्यांस म्हणाले, "मी सांगेन तेव्हा लावा. मला अजून सूर्य मावळला ऐसे दिसले नाही." आणि ते तैसेच पूर्वेकडे तोंड करोन उभे राहिले. मग डोली आत आली आणि दरवाजा लागला. ते रात्री गनिमाने पेठ जाळिली. अंबूस पहाटे पुत्र जाहला.

फाल्गुनात केदारभट स्वतः गडावर आले आणि आनंदाने पंतांस म्हणाले, "कोणतीही तीन पुरतात, आता तरी उमगले ना?"

"नाही, शास्त्रीबुवा. आजही नाही."

"मग न उमगता पाचशे घरे कशाच्या भरवशावर उठविली?"

पंत म्हणाले, "उमगून घेत बसलो असतो तर लेक खाली राहती." पंतांच्या मांडीवर नातू होता, केदारभट त्याकडे पाहत बसले.

एवंच, सातांतील चार पत्रे वाटेत बुडाली, एक लखोटा चिलमीत गेला, आणि तरी हुकूम सबंध पोहोचला, हे कैसे ते लिहिणारास ठाऊक नाही. पेठ जळाली त्याचे दुसरे दिवशी गडावर पेठेची माणसे मोजिली. ती पुरी भरली, आणि वर एक.