घाटाचे पैसे वेगळे

आमच्या शेजारच्या कुंदाकाकू रोज देवपूजा आटोपली की पदर खोचून रेल्वे चालवायला बसतात. कॉम्प्युटरवर. नाशिकच्या मुलाने आपला जुना कॉम्प्युटर त्यांना आणून दिला, त्यात हा गेम होता. आईचा वेळ जाईल असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात वेळ आमचा जातो. विरजण मागायला जावं, तर आतून आवाज येतो, "थांब गो, सिग्नल लाल हाय! इंजिन सोडून कशी येऊ?"

काका कसाऱ्याला बँकरवर ड्रायव्हर होते. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारं इंजिन, ते बँकर. काका जाऊन बरीच वर्षं झाली, पण काकू अजून सांगतात, "अख्खी गाडी आमचे हे ढकलतात." एकदा तरी इंजिनात बसून घाट बघायचा, हा त्यांचा जन्माचा हट्ट. काका म्हणायचे, नियमात नाय बसत.

आणि गेममध्ये नेमका घाटच नव्हता! परदेशातले सपाट मार्ग गेमबरोबर आले होते, आपला घाट हवा तर वेगळे पैसे.

काकू भडकल्या. "पोराने इकत घेतलाय ना गेम? जेवायला बसवलं नि वरणाचे पैसे येगळे?"

"काकू, घाट त्यांनी नंतर बनवला असेल. मेहनत आहे त्यांची."

"घाट इंग्रजांनी बनवला. ह्यांनी नुसतं चित्र काढलं."

मग त्यांनी भाजीवालीला विचारलं, गॅसवाल्याला विचारलं. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत तर एका बैलवाल्याला गाठलं. "बैल घेतला तर शिंगांचे पैसे येगळे लावता का हो?"

तो बिचारा घाबरला. "नाय ओ मावशी, दावं पण फुकट देतो."

"बघ!" काकू माझ्यावरच डाफरल्या, जणू घाट मीच विकत होते.

मी पैसे भरते म्हटलं, तर म्हणाल्या, "पैसे हायत गो. पटत नाय."

परवा दुपारी त्यांनी हाक मारली. "घेतला."

"सवलत लागली का?"

"पुरा भाव दिला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी शेजारी बसले. एकामागून एक बोगदे आले, डाव्या हाताला दरी उघडली. काकूंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "असं दिसायचं होय ह्यांना." घाटमाथ्यावर इगतपुरी आली, काकूंचं बँकर गाडीपासून सुटलं आणि पडद्यावर अभिनंदन झळकलं.

"आता परत कसं यायचं?" काकूंनी विचारलं.

मी शोधलं. उतरायची फेरी वेगळी होती, तिचे पैसेही वेगळे. आता स्फोट होणार म्हणून मी अंग चोरून बसले.

काकूंनी मोबाईल माझ्या हातात दिला. "भर."

"किती ते तरी बघा."

"नको." पडद्यावरच्या इगतपुरी स्टेशनाकडे बोट करून म्हणाल्या, "हे वरच गेले गो. गाडी पोचवली, ड्रायव्हर लोक टेकतात त्या रनिंग रूममधी चहा मागवला, नि बसल्या जागी... खाली आणलं ते अँब्युलन्समधून. रस्त्याने."

मी पैसे भरले. काकूंनी ते रिकामं इंजिन इतकं हळू उतरवलं की बाहेर ऊन कलायला लागलं. कसारा स्टेशनात इंजिन थांबलं, तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं आली. उशीर झाला म्हणून गुण कापले होते.

मी ते त्यांना वाचून दाखवलं.

"होऊ दे उशीर," काकू म्हणाल्या. "आले ना हे."