नईम सरांची भट्टी

नईम सरांची एखादी वस्तू पार वाया गेली की ते फार खूश व्हायचे. काळी पडलेली धातूची टिकली चिमट्यात धरून अंगणात यायचे आणि ओरडायचे, “मावशी, खाल्लं! आरपार खाल्लं!” शेजारीण मला विचारायची, “जेवायला कोण आलं होतं गं?”

सर माझे भाडेकरू. मूळचे नांदेडचे. लातुरात क्लास निघू लागले तेव्हा रसायन शिकवायला आले. सकाळी पोरांना शिकवायचे आणि दुपारी मागच्या खोलीत विजेच्या भट्टीत मीठ वितळवायचे. मी चौथी शिकलेली, म्हणून मला समजेल असं सांगायचे. चुलीवर ठेवायच्या आधी आपण पातेल्याच्या बुडाला राख लावतो, तसा इंजिनातल्या धातूला चिनीमातीसारखा लेप देतात. तो जाळ सोसतो. पण समुद्राची खारी हवा नि हलक्या प्रतीचं तेल यांतून आत मीठ जमतं, तापून वितळतं, लेपाच्या बारीक भेगांत शिरतं आणि त्याचा भुगा करतं. ते कसं, हे बघायला सर लेप दिलेल्या टिकल्यांवर मीठ वितळवायचे.

“वितळलेलं मीठ लई लबाड, मावशी. कोरडं होतं तवर गरीब होतं.”

भूकंपानंतर आमची गल्ली भिंतीच्या भेगांना भ्यायची. मी सरांना माझी भिंत दाखवली. त्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं.

“यातून मीठ जाईल,” म्हणाले.

“मीठ जाऊ द्या चुलीत! घर पडंल का ते सांगा.”

“ते मला न्हाई सांगता येणार.”

पुढं क्लासला बाहेरगावची पोरं इतकी यायला लागली की मुलगा म्हणाला, “आई, ती भट्टी काढायला लाव. त्या खोलीत निलंग्याची, मुखेडची पोरं ठेवू.” मलाही पटलं. लगेच सांगायला गेले. सर भट्टीसमोर स्टुलावर बसले होते.

“सर, एवढ्या वर्षांत एक तरी लेप टिकला का?”

“न्हाई.”

“मग ही भट्टी काढा. तुम्ही खुशाल पुढच्या खोलीत राहा.”

सरांनी भट्टीचं दार लावलं. मग म्हणाले, “बेगम गेली तवापासून क्लास सुटला की मी बसस्टँडवर बसायचो, मावशी. गाड्या बघत. घरी येऊन करायचं काय? ही भट्टी आणली तवापासून घरी यायची घाई असते. हिच्याजवळ कुणीतरी घरी लागतं.”

मी बाहेर आले. मुलगा ओसरीत उभाच होता.

“काय म्हणाले? कधी काढतात?”

“काम चालू हाय त्यांचं,” म्हटलं. “पोरांसाठी वर गच्चीत पत्रे टाक.”