विश्रामबाबांचं 'एक'

आमच्या विश्रामबाबांना "हो" चालत नाही. "झालं", "केलं", "करतोय हो" यांतलंही काही चालत नाही. चहा पिऊन परत आलात तरी चष्म्यावरून बघत विचारणार, "जालें?" आणि आपण म्हणायचं, "एक."

ही खोड मशीनची. गोव्यात, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची लॅब आहे, विश्रामबाब तिथले मुख्य. कारखान्यांचे मीटर बरोबर आकडा दाखवतात की नाही, ते आम्ही तपासतो. तपासणारं मशीन कॉम्प्युटरवरून हुकूम घेतं. दहा व्होल्ट दे म्हटलं की देतं. मग विचारायचं, काम पुरं झालं का? खरोखर झालं की ते "१" असं उत्तर पाठवतं. त्याआधी दुसरा हुकूम सोडायचा नाही, हा विश्रामबाबांचा धर्म. "पयलें पुराय जावंदी, मागीर दुसरें."

माणसांनाही तोच कायदा. एकदा मी मीटरची वायर न काढताच "एक" म्हणून टाकलं. गृहस्थ उठून बघायला आले! "मशीन केन्नाच फट मारिना मरे," म्हणजे मशीन कधी खोटं बोलत नाही, एवढंच बोलले, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संतापही आला. अहो, पंधरा वर्षं नोकरी झाली माझी, आणि हे मला बालवाडीतले आकडे म्हणायला लावतात!

घरी, हळर्णला, ते एकटेच. बायको वारली. मुलगा भांडून वास्कोला गेला, बंदरावर कामाला लागला. बोलणं बंद. फक्त रोज सकाळी हे फोनवर लिहितात, "पावलो?" म्हणजे, कामावर पोचलास का. तिकडून येतं, "१". बापलेकांचं बोलणं एवढंच.

परवा ते उत्तर आलं नाही. दहा वाजले, बारा वाजले. विश्रामबाब फोनकडे बघत बसलेले. एकही मीटर हातात घेतला नाही. दीड वाजता मी म्हटलं, "जेवून तरी घ्या हो."

"पयलें पुराय जावंदी," म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही, भीतीच वाटली.

चारला फोनवर मेसेज आला. "१. जहाजावर होतो, रेंज नव्हती. पप्पा, तूं जेवलो?"

विश्रामबाबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"अहो, बघताय काय? जेवलो म्हणून कळवा त्याला!"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि डबा उघडला. गार झालेलं चवळीचं रसदार तोणाक, सकाळचा उंडो पाव. पावाच्या शेवटच्या तुकड्याने डबा पुसून खाल्ला. हात धुतले, डोळे पुसले.

मग एका बोटाने लिहिलं, "१".